निरोप शेवटच्या घरापर्यंत : वायरलेस, पेजर आणि ११२ समजून घेऊ या



दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये 'आपत्ती व्यवस्थापन' हा पाठ आहे. खालच्या वर्गांतही हा विषय थोडाफार येतो. आपण तो शिकवतो, मुलं भूकंप, पूर, वणवा यांची कारणं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण त्या पाठातला एक धागा बहुतेक वेळा हातातून सुटतो. आपत्ती आली हे कळवायचं कुणी, कुणाला आणि कशानं? मदत निघते ती निरोप पोचल्यावर. निरोप अडकला तर गाडी, डॉक्टर, बोट सगळं तयार असूनही जागेवरच उभं राहतं.

आजचा लेख या धाग्यावर आहे. पोलिसांचा वायरलेस, एकेकाळचा पेजर, आजचा ११२ क्रमांक आणि मोबाईलवर अचानक वाजणारा इशारा या सगळ्यांची मांडणी आपल्या परभणी जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे. शेवटी वर्गात घेण्यासारखे उपक्रम दिले आहेत. पाचवीपासून दहावीपर्यंत कुठल्याही वर्गात, थोडं कमी-जास्त करून, हा पाठ घेता येईल.

१. आधी आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा

फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढा. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम असे नऊ तालुके. (१ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, त्याआधी जिल्हा बराच मोठा होता.) आता नद्या काढा : गोदावरी, पूर्णा, दुधना. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचं धरण आहे, सेलूजवळ निम्न दुधना आहे, आणि गोदावरीवर वरच्या अंगाला पैठणला जायकवाडी.

मुलांना विचारा, "जायकवाडीचे दरवाजे उघडले तर पाणी आपल्या गोदाकाठाला लगेच येतं का?" लगेच येत नाही, कित्येक तास लागतात. हे मधले तास म्हणजे आपली कमाई आहे. त्या तासांत निरोप पुढे धावला तर नदीकाठची जनावरं सोडता येतात, मोटारी काढता येतात, म्हातारी माणसं वर आणता येतात. पाणी निरोपाच्या आधी पोचलं तर ही कमाई वाया गेली. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला आणि गोदाकाठच्या गावांनी पूर अनुभवला. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेड भागात अतिवृष्टी झाली ती तर आजच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. त्यांना त्या दिवसांबद्दल बोलू द्या. "तुमच्या घरी पाण्याची बातमी कुणी सांगितली?" एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तरं फळ्यावर लिहा : शेजारचे काका, व्हॉट्सअ‍ॅप, तलाठी, देवळातला भोंगा, कुणीच नाही. इथूनच पाठ सुरू होतो.

२. दवंडीपासून सुरुवात करा

निरोप सगळ्यांना एकदम द्यायची आपली जुनी पद्धत म्हणजे दवंडी. कोतवाल हलगी वाजवत गल्लीगल्लीतून फिरायचा. आधी हलगीचा आवाज, मग थांबून मोठ्यानं निरोप. लक्षात घ्या, यात दोन गोष्टी आहेत. हलगी लक्ष वेधून घेते, आणि त्यानंतरचे शब्द माहिती देतात. जगातली कुठलीही इशारा यंत्रणा काढून बघा, हे दोन भाग तिच्यात असतातच. नुसता भोंगा वाजला तर लोक घाबरतात पण काय करायचं ते कळत नाही. नुसतीच माहिती आली, आवाज झालाच नाही, तर झोपलेल्याला ती दिसत नाही.

दवंडीची मर्यादाही मुलांकडूनच काढून घ्या. एक माणूस, दोन पाय. वाडीवस्तीवर जायला वेळ. रात्री, पावसात जाणं कठीण. आणि निरोप कोतवालापर्यंत आधी यायला हवा.

३. निरोप अडला तर काय होतं : तीन आठवणी

*किल्लारी, १९९३.* ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) भागात भूकंप झाला आणि साडेनऊ हजारांच्या वर माणसं गेली. मोबाईल नव्हते, खेड्यात टेलिफोनही मोजकेच. कुठलं गाव किती पडलंय हे कळायलाच वेळ गेला. या भूकंपानंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे आणि नियंत्रण कक्ष या गोष्टींनी जोर धरला.

*मुंबई, २६ जुलै २००५.* सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आता मोबाईल खिशाखिशात होते. तरीही त्या रात्री लाखो लोकांचा घराशी संपर्क तुटला. वीज गेली, टॉवर बंद पडले, आणि जे चालू होते त्यांच्यावर एकाच वेळी सगळ्यांचे फोन. त्याच वर्षी डिसेंबरात देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं.

*माळीण, २०१४.* ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात डोंगर खचला आणि माळीण गाव गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी दिली ती एसटीच्या चालकानं. नेहमीच्या फेरीला तो आला तेव्हा गाव जागेवर दिसेना. तो मागे फिरला आणि त्यानं कळवलं. मोबाईलच्या जमान्यात पहिला निरोप एसटी बसनं आणला. मुलांना इथे थोडं थांबू द्या. ज्यांच्यावर संकट आलं ते स्वतः फोन करू शकतील असं आपण धरून चालतो. कधी कधी फोन करायला कुणी उरतच नाही.

४. पोलीस मोबाईल असताना वायरलेस का वापरतात?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. उत्तर तीन मुद्द्यांत द्या.

पहिला मुद्दा : फोन एकाचा एकाशी असतो, वायरलेस एकाचा सगळ्यांशी. नियंत्रण कक्षातून एकदा सांगितलं की त्या चॅनलवरच्या सगळ्या गाड्या आणि ठाणी एकाच क्षणी ऐकतात. वीस जणांना वीस फोन करत बसावं लागत नाही.

दुसरा मुद्दा : नंबर फिरवायचा नाही, रिंग नाही, 'व्यस्त आहे' नाही. बटण दाबा, बोला. बटण सोडा, ऐका. एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणतात. समोरच्याला कळतं की आता आपली पाळी.

तिसरा मुद्दा : यंत्रणा स्वतःची असते. गर्दीत मोबाईलचं नेटवर्क कोंडलं तरी पोलिसांची लहर वेगळी आहे. आपल्या राज्यात यासाठी पोलीस दलाचा स्वतंत्र बिनतारी संदेश विभाग आहे आणि त्याचं मुख्यालय पुण्याला आहे.

आता थोडं विज्ञान आणि गणित, आठवी ते दहावीसाठी.

पोलिसांचे बरेच संच १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरत आलेत. लहरीची लांबी = प्रकाशाचा वेग ÷ वारंवारता. म्हणजे ३०,००,००,००० ÷ १५,००,००,००० = २ मीटर. अँटेना बहुधा लहरीच्या पाव लांबीची ठेवतात, म्हणजे ५० सेंटिमीटर. पोलीस जीपवर दिसणारी काडी साधारण अर्ध्या मीटरची का असते ते इथे उलगडतं. मुलं पुढच्या वेळी जीप दिसली की काडीकडे बघतील. विज्ञान फळ्यावरून रस्त्यावर आलं म्हणायचं!

या लहरी बऱ्यापैकी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे अँटेना जेवढी उंच, तेवढी पोच लांब. ढोबळ सूत्र असं : पोच (किलोमीटर) = ४.१२ × √उंची (मीटर).

- ३६ मीटर उंच मनोरा : ४.१२ × ६ = सुमारे २४.७ किलोमीटर
- हातातला संच, जमिनीपासून दीड मीटर : ४.१२ × १.२२ = सुमारे ५ किलोमीटर
- मनोरा आणि हातातला संच मिळून : सुमारे ३० किलोमीटर
- दोघांच्याही हातात संच, मनोरा नाही : सुमारे १० किलोमीटर

ही कागदावरची कमाल आहे. झाडं, घरं, चढ-उतार यांनी प्रत्यक्ष पोच कमी होते, दोन हातसंचांच्या बाबतीत तर फारच कमी. आता नकाशा बघा. परभणीहून गंगाखेड किंवा जिंतूर चाळीस किलोमीटरच्या आसपास. एका मनोऱ्यात जिल्हा मावत नाही. शिवाय जिंतूरच्या उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि गंगाखेडकडे बालाघाटच्या. डोंगराआडच्या वस्तीला आवाज जात नाही. म्हणून मध्ये, शक्यतो उंचावर, रिपीटर बसवतात. तो एका बाजूनं ऐकतो आणि जोर लावून पुढे पाठवतो. कानगोष्टींच्या खेळातलं मधलं पोर समजा, फक्त हे पोर निरोप बदलत नाही. गंमत बघा, जो डोंगर आड येतो त्याच्याच माथ्यावर रिपीटर बसवला की तोच मदतीला येतो.

५. जुने संच बदलून नवे घ्यायचे म्हणजे नेमकं काय?

'यंत्रणेचं आधुनिकीकरण' असं आपण पेपरात वाचतो. त्यात मुख्य बदल असतो तो अ‍ॅनालॉगवरून डिजिटलवर जाण्याचा. जगात यासाठी वेगवेगळी मानकं आहेत. युरोपातलं टेट्रा, अमेरिकेतलं पी-२५, आणि २००५ साली युरोपात ठरलेलं डीएमआर. नावं पाठ करायची गरज नाही. फायदे-तोटे समजले की पुरे.

*फायदे* : डीएमआरमध्ये एकाच चॅनलवर आळीपाळीनं दोन संभाषणं चालतात, टेट्रात चार. (वर्गात दोन जोड्यांना आळीपाळीनं एकेक शब्द बोलायला लावा, कल्पना लगेच येते.) बोलणं बाहेरच्याला ऐकू जाणार नाही असं कुलूप घालता येतं. गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसतं. छोटा लेखी निरोपही जातो.

*तोटे* : अ‍ॅनालॉग संच पोच संपत आली की खरखरू लागतो, पण कान देऊन ऐकलं तर काही शब्द लागतात. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम तुटतो. खरखरीची पूर्वसूचना मिळत नाही. दुसरं, नव्या संचाला जुना संच समजत नसेल तर बदलाच्या काळात आपलीच माणसं एकमेकांना मुकी होतात. तिसरं म्हणजे बॅटरी, चार्जिंग, दुरुस्ती आणि शिकवणं. संच विकत घेणं सोपं, तो दहा वर्षं चालता ठेवणं अवघड. शाळेतल्या संगणक कक्षाचा अनुभव असलेल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको!

आणि सगळ्यात मोठा प्रश्न एकमेकांशी बोलण्याचा. पूर आला की पोलीस, अग्निशमन, आरोग्य, महसूल, पाटबंधारे असे सगळे कामाला लागतात. प्रत्येकाची यंत्रणा वेगळी असेल तर एकाला कळलेलं दुसऱ्याला कळत नाही. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये हेच झालं. पोलिसांचं हेलिकॉप्टर वरून जळत्या मनोऱ्याची अवस्था बघत होतं, पण पोलीस आणि अग्निशमन दलाच्या रेडिओ यंत्रणा वेगळ्या होत्या. आत जिने चढणाऱ्या कित्येक जवानांपर्यंत बाहेर पडण्याचा निरोप पोचला नाही. जगातल्या श्रीमंत शहराची ही गोष्ट. तेव्हा नुसत्या पैशानं हा प्रश्न सुटत नाही, आधी एकत्र बसून ठरवावं लागतं.

६. पेजर : गेला, पण त्याची युक्ती उरली

आजच्या मुलांना पेजर माहीत नाही. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, कमरेला अडकवायचं. ते फक्त निरोप घेऊ शकायचं, उत्तर देता यायचं नाही. भारतात पेजर १९९५ च्या सुमारास आला, त्याच वर्षी मोबाईलही आला. पण तेव्हा मोबाईलवर आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि पेजरची उरलीसुरली गरज संपली. जपानमधली शेवटची पेजर सेवा ३० सप्टेंबर २०१९ ला बंद झाली.

तरी काही देशांत रुग्णालयं आणि स्वयंसेवी अग्निशमन दलं पेजर का सोडत नव्हती? २०१९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत सुमारे १,३०,००० पेजर चालू होते, तेव्हा कुठे ते काढायचा निर्णय झाला. कारण सरळ आहे. एक ताकदवान प्रक्षेपक मोठ्या भागाला पुरतो, जाड भिंतींच्या आतही निरोप शिरतो, आणि एक सेल कित्येक दिवस चालतो. पेजर कमी कामं करायचा, पण तेवढी भरवशानं करायचा.

भरवशाचीही एक मर्यादा आहे. १९ मे १९९८ ला अमेरिकेत गॅलेक्सी-४ नावाचा एकच उपग्रह बिघडला आणि देशातले ८० ते ९० टक्के पेजर मुके झाले. डॉक्टरांचेसुद्धा. सगळे निरोप एकाच वाटेनं जात होते, ती वाट बंद पडली. वर्गात हे उदाहरण जरूर सांगा आणि विचारा : "आपल्या गावात सगळे निरोप एकाच वाटेनं जातात का? ती वाट बंद पडली तर दुसरी कोणती?"

आता पेजरची उरलेली युक्ती. २०२३ मध्ये आपल्यापैकी अनेकांचा मोबाईल अचानक मोठ्यानं वाजला, थरथरला आणि पडद्यावर चाचणीचा संदेश आला. घरोघरी धांदल उडाली होती! तो साधा एसएमएस नव्हता, त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस प्रत्येक नंबरला वेगळा पाठवावा लागतो, पोस्टमननं घरोघरी पत्र टाकावं तसा. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन ऐकतात. नंबरांची यादी लागत नाही, गर्दीनं वाट कोंडत नाही, आणि बाहेरगावचा पाहुणा असला तरी त्यालाही निरोप मिळतो. म्हणजे बघा, ही आपली दवंडीच! आधी हलगी, मग निरोप.

याच्याच जोडीला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' अ‍ॅप आहे आणि विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी'. दामिनी आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटर भागात वीज पडते आहे का ते सांगतं. मराठवाड्यात मृगाच्या आधीचा काळ विजांचा असतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. पण अ‍ॅपला स्मार्टफोन लागतो, चार्जिंग लागतं, नेट लागतं. खुरपायला गेलेल्या आईकडे आणि गुरं राखणाऱ्या आजोबांकडे ते असेलच असं नाही.

त्यांच्यासाठी निसर्गानं दिलेला इशारा मुलांना शिकवा. वीज चमकली की मोजायला लागा. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर येतो. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. एवढं एक पोर घरी जाऊन आईला सांगेल तरी हा पाठ वसूल झाला.

७. ११२ लावल्यावर पुढे काय होतं?

पोलीस १००, आग १०१, रुग्णवाहिका १०८, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ हे क्रमांक मुलांना माहीत असतात. या सगळ्यांना जोडणारा एक क्रमांक म्हणून ११२ आला. महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये सुरू झाला. (१०८ ची रुग्णवाहिका सेवा त्याआधीची, २०१४ ची. ती ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली.)

पालकांनो, इथे नीट लक्ष द्या. परभणीच्या शेतातून लावलेला ११२ चा फोन आधी परभणीत जात नाही. तो राज्याच्या केंद्रात जातो. मुख्य केंद्र नवी मुंबईला आहे, दुसरं नागपूरला. तिथला कर्मचारी घटना नोंदवतो, ती परभणीच्या नियंत्रण कक्षाकडे येते आणि मग जवळच्या पोलीस गाडीतल्या पडद्यावर उमटते. म्हणजे फोन उचलणाऱ्यानं तुमच्या गावाचं नाव आधी कधी ऐकलेलंच नसेल. "आमच्या टाकळीला या" म्हटलं तर त्याला काय कळणार? एकट्या परभणी तालुक्यात टाकळी कुंभकर्ण आहे, आणि नुसत्या टाकळ्या, पिंपळगावं, वडगावं राज्यात कितीतरी. फोनची जागा नकाशावर अंदाजे दिसते, पण खेड्यात टॉवर लांब-लांब असतात, तो अंदाज ढोबळ असू शकतो.

म्हणून पाच गोष्टी, याच क्रमानं :

१. कुठे : गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची खूण
२. काय झालं
३. किती जण, कशा अवस्थेत
४. काय हवं
५. मी कोण, माझा नंबर कोणता

नमुना संवाद वर्गात वाचून घ्या :

"११२. बोला, काय मदत हवी?"
"ताई, जिल्हा परभणी, तालुका परभणी. पोखर्णीच्या पुढं, गंगाखेड रस्त्याला, पुलाजवळ. मोटरसायकल पडली आहे. दोन माणसं आहेत. एकजण बोलतोय, एकजण बोलत नाही. रुग्णवाहिका पाहिजे."
"पुलाच्या अलीकडे का पलीकडे, बाळा?"
"परभणीहून येताना पुलाच्या पलीकडं, डाव्या हाताला."
"छान सांगितलंस. फोन ठेवू नकोस, मोठं कुणी आहे का तिथे?"

बघा, जागा आधी सांगितली. फोन मध्येच तुटला तरी गाडी कुठे पाठवायची ते कळलेलं असतं. बरीच मुलं आणि मोठी माणसंसुद्धा आधी रडतात, मग काय झालं ते सांगतात, जागा शेवटी. हे सवयीनं बदलतं आणि सवय लावायची जागा म्हणजे शाळा. सराव मात्र खोट्या फोनवरच. ११२ खरंच लावून बघायचा नाही, कारण तेवढ्या वेळात खऱ्या अडचणीतला कुणीतरी ताटकळतो.

८. वर्गातले उपक्रम

*उपक्रम १ : कानगोष्टी, दोन फेऱ्या.* दहा मुलांची रांग. निरोप : "संध्याकाळी सहा वाजता पाणी वाढणार, खालच्या आळीतल्या सात घरांनी शाळेत यावं." पहिली फेरी नेहमीसारखी. दुसऱ्या फेरीत प्रत्येकानं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, बरोबर असेल तरच पुढे. दोन्ही निकाल फळ्यावर लिहा. आकडे पहिल्या फेरीत कुठे घसरले ते बघा. वायरलेसवर निरोप परत म्हणतात तो याचसाठी.

*उपक्रम २ : क कमळातला.* रेडिओवर 'ब' आणि 'प', 'द' आणि 'ध' सारखेच ऐकू येतात. म्हणून जगभर अक्षरांना शब्द जोडतात : अल्फा, ब्राव्हो, चार्ली. ही यादी १९५६ पासून चालू आहे. आपल्या मुलांना तर हे बालवाडीपासून येतं, क कमळातला, ब बदकातला! एका मुलानं दारामागून आपल्या गावाचं नाव अशा रीतीनं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं.

*उपक्रम ३ : पाठीला पाठ.* दोघं पाठीला पाठ लावून बसतील. एकाच्या हातात साधं चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. फक्त बोलून चित्र काढून घ्यायचं, प्रत्येक वाक्यानंतर 'ओव्हर'. समोरच्याला आपल्याला दिसतं ते दिसत नाही, हे मुलांना फार चटकन कळतं.

*उपक्रम ४ : शेवटचं घर.* मुलांनी आपल्या गल्लीचा किंवा वस्तीचा नकाशा काढायचा. कोणत्या घरात स्मार्टफोन, कुठे साधा फोन, कुठे फोनच नाही, कुणाला ऐकू कमी येतं, कोण एकटं राहतं, हे खुणांनी दाखवायचं. (नकाशा वर्गाबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही लोकांची खाजगी माहिती आहे.) मग ठरवायचं : इशारा आला तर या घरी कोण जाऊन सांगेल?

*उपक्रम ५ : भेट.* २ ते ८ जानेवारी या पोलीस स्थापना दिनाच्या सप्ताहात अनेक ठाणी शाळांना बोलावतात. मुलं बंदुका बघण्यातच रमतात. यंदा वायरलेसचा टेबल शोधा आणि प्रश्न घेऊन जा : संच अ‍ॅनालॉग आहे का डिजिटल? वीज गेली तर किती तास चालतो? रिपीटर कुठे आहे? पुराच्या वेळी तहसील कार्यालयाशी कसं बोलता? गावात जिथे आवाज येत नाही अशी जागा आहे का?

मोठ्या, उत्साही मुलांसाठी आणखी एक वाट आहे, हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची. वयाच्या बाराव्या वर्षापासून सरकारची परीक्षा देऊन परवाना काढता येतो. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे इतर संपर्क तुटले, तेव्हा पोर्ट ब्लेअरला योगायोगानं आलेल्या हौशी रेडिओवाल्यांच्या तुकडीनं कित्येक दिवस मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण चालू ठेवली. छंद म्हणून सुरू केलेली गोष्ट अशी कामाला आली.

९. पालकांसाठी आणि आपल्यासाठी

नवे संच, नवे मनोरे, नवे क्रमांक या गोष्टी शासनाच्या हातात आहेत. त्या व्हाव्यात आणि नीट व्हाव्यात असा आग्रह आपण ग्रामसभेत धरू शकतो. तिथे विचारा : गावाचा आपत्ती आराखडा कुठे आहे? त्यातले फोन नंबर या वर्षीचे आहेत का? पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल यांच्यापैकी निरोप आधी कुणाला येतो आणि तो माणूस गावात नसेल तर कुणाला? भोंग्याला बॅटरी आहे का?

घरी एवढं करा. ११२, १०८, १०७७ हे क्रमांक आणि आपला पूर्ण पत्ता, खुणेसकट, मोठ्या अक्षरात दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावा. आईबाबांचा एक नंबर मुलाला तोंडपाठ असू द्या, फोनमध्ये साठवलेला नंबर फोन बंद पडला की कामाचा नाही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे चालू आहेत का ते बघा.

स्वाध्याय

१. २५ मीटर उंच मनोऱ्याची पोच वरच्या सूत्रानं काढा.
२. ४५० मेगाहर्ट्झच्या लहरीसाठी पाव लांबीची अँटेना किती सेंटिमीटरची लागेल?
३. वीज चमकल्यावर १२ सेकंदांनी गडगडाट झाला. वीज किती लांब?
४. एसएमएस आणि सेल ब्रॉडकास्ट यांतला फरक दवंडीचं उदाहरण घेऊन पाच वाक्यांत लिहा.
५. आपल्या शाळेचा पत्ता, तो कधीच न ऐकलेल्या माणसाला समजेल असा, तीन वाक्यांत सांगा.

(उत्तरं : १. सुमारे २०.६ किलोमीटर, २. सुमारे १७ सेंटिमीटर, ३. सुमारे ४ किलोमीटर.)

पाचवा प्रश्न सोपा वाटतो, पण आधी आपण शिक्षकांनी तो स्टाफरूममध्ये सोडवून बघावा. बहुतेक पत्ते 'स्टँडजवळ' पाशीच अडकतात असं दिसेल. उपक्रम घेतलात तर कानगोष्टींच्या दोन फेऱ्यांमध्ये काय फरक पडला ते जरूर कळवा. पावसाळा लागायच्या आत एक तासिका यासाठी काढू या.